तारेला ओवलेली कार्डे

संग्रहातले एखादे पोस्टकार्ड कुणाच्या हाती दिले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : हे किती वर्षांचे आहे? कार्ड जितके जुने तितके मोलाचे, ही समजूत त्या प्रश्नामागे असते आणि ती इतकी पक्की असते की खरे उत्तर ऐकून विचारणाऱ्याचा हिरमोड होतो. जगातले पहिले पोस्टकार्ड ऑस्ट्रिया-हंगेरीत १ ऑक्टोबर १८६९ रोजी निघाले आणि भारतात ते १ जुलै १८७९ रोजी आले. पाव आण्याचे, तपकिरी छपाईचे, 'ईस्ट इंडिया पोस्ट कार्ड' अशी इंग्रजी अक्षरे आणि उजव्या कोपऱ्यात व्हिक्टोरिया राणीचे मस्तक असलेले हे कार्ड लंडनच्या डी ला रू कंपनीने छापले होते. ते स्वस्त होते, म्हणून सावकारापासून शाळामास्तरापर्यंत सगळ्यांनी ते वापरले, आणि मुबलक छापले गेल्यामुळे ते आजही मुबलक मिळते. राणीच्या काळातले वापरलेले साधे कार्ड थोडक्या पैशांत कुणीही विकत घेऊ शकतो. उलट १९५५ सालचे, एखाद्या खेड्याच्या टपाल कचेरीचा स्वच्छ शिक्का असलेले कार्ड वर्षानुवर्षे शोधूनही हाती लागत नाही.

मी सांगलीत राहतो आणि सातारा, सांगली, मिरज, वाई, महाबळेश्वर या टापूशी संबंध असलेली कार्डे जमवतो. या छंदात मुरत गेल्यावर माझे एक मत बनले आहे, आणि ते बाजाराच्या मताशी पुष्कळदा जुळत नाही. बाजार सुट्या कार्डाची किंमत करतो. माझ्या मते पोस्टकार्डाचे खरे मोल ते कुठून निघाले, कुठे पोचले आणि तिथे कोणत्या कार्डांच्या सोबतीने राहिले यात असते. ही सोबत मोडली की कार्ड शाबूत राहूनही त्यातले निम्मे निघून जाते.

बाजाराची रीत मात्र समजून घेतलीच पाहिजे, कारण ती उगीच पडलेली नाही. छापील तिकिटाच्या सरकारी कार्डांत कोरे कार्ड आणि वापरलेले कार्ड असे दोन पंथ आहेत. कोऱ्या कार्डात कागदाची अवस्था, छपाईतले फरक आणि चुकीची छपाई यांना किंमत येते. वापरलेल्या कार्डात शिक्का बोलतो. पूर्वी कार्ड जिथे टाकले त्या कचेरीचा आणि जिथे पोचले त्या कचेरीचा असे दोन शिक्के बसत, त्यामुळे प्रवासाला किती दिवस लागले तेही कळते. एखाद्या गावात टपाल कचेरी चालते की नाही हे पाहण्यासाठी आधी प्रायोगिक कचेरी उघडली जाई आणि तिच्या शिक्क्यावर 'एक्सपेरिमेंटल पी. ओ.' अशी अक्षरे असत. असे शिक्के जमवणारे लोक केवळ त्या अक्षरांसाठी चांगले पैसे मोजतात. टपालाचा दर वाढल्यावर घरात शिल्लक राहिलेल्या जुन्या कार्डावर जादा तिकीट डकवून ते पाठवलेले असेल, तर तेही मागणीत असते. १९२२ साली पाव आण्याचे कार्ड अर्ध्या आण्याचे झाले. त्या सुमारास असा डकवाडकवीचा प्रसंग अनेक घरांवर आला असणार. जोडकार्डाचे उदाहरण तर फारच बोलके आहे. एक अर्धे आपण लिहायचे, दुसरे कोरे अर्धे उत्तरासाठी सोबत पाठवायचे आणि समोरच्याने ते फाडून परत धाडायचे, अशी ती सोय होती. फाडण्यासाठीच केलेली वस्तू न फाडता राहिली तरच आज तिला भाव आहे.

आमच्या भागातल्या कार्डांचा काळ ठरवण्याचे एक साधन इतिहासाने आयतेच हाती दिले आहे, ते म्हणजे पत्ता. १९४८ पूर्वीच्या कार्डावर 'सांगली संस्थान', 'मिरज संस्थान' असे लिहिलेले आढळते. आज सांगली जिल्ह्यात असलेल्या किर्लोस्करवाडीच्या पत्त्यात त्या काळी 'औंध संस्थान' येते. संस्थाने विलीन झाल्यावर १९४९ मध्ये दक्षिण सातारा नावाचा जिल्हा झाला आणि २१ नोव्हेंबर १९६० रोजी त्याचे नाव सांगली असे बदलले. त्यामुळे 'जि. द. सातारा' एवढी अक्षरे दिसली की मन लगेच पन्नासच्या दशकात जाते. येथे सावध राहावे लागते. हाताने लिहिलेला पत्ता सवयीने लिहिला जातो आणि जिल्ह्याचे नाव बदलल्यावरही लोक जुनेच नाव लिहीत राहतात. म्हणून 'द. सातारा' हे कार्ड १९४९ च्या आधीचे नाही एवढेच खात्रीने सांगते. पुढचा निकाल शिक्क्यावरून आणि छापील तिकिटावरून लावायचा. आणे जाऊन १९५७ च्या एप्रिलमध्ये नवे पैसे आले, ही दुसरी खूण. १५ ऑगस्ट १९७२ पासून पिन कोड आला, ही तिसरी. संस्कृतचे व्यासंगी आणि टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेल्या त्या सहा अंकांतले पहिले तीन टपालाच्या छाननीचा विभाग सांगतात. सातारा शहराचा पिन ४१५००१ असताना त्याच जिल्ह्यातल्या वाईचा ४१२८०३ आणि महाबळेश्वरचा ४१२८०६ का, याचे उत्तर त्या तीन अंकांत आहे. जिल्ह्याची हद्द एक असते आणि टपालाची वाट दुसरी असते. कार्डांचा अभ्यास करणाऱ्याने ही दुसरी वाट ओळखायला शिकले पाहिजे.

ही वाट ओळखली की एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. कार्ड ज्या गावात लिहिले जाते त्या गावात ते राहत नाही. साताऱ्यात लिहिलेली कार्डे साताऱ्यात शोधणाऱ्याच्या हाती फारसे काही लागणार नाही, कारण ती पोस्टाच्या पेटीत पडली त्याच क्षणी गाव सोडून गेली. ती ज्यांना मिळाली त्यांच्या घरी ती शोधावी लागतात. साताऱ्याच्या खेड्यापाड्यांतून माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली आणि त्यांच्या मागोमाग लालबाग-परळच्या चाळींत गावाकडची कार्डे गेली. जावळी, पाटण, कोरेगाव या तालुक्यांतून निघालेली कार्डे मला मिळाली ती मुंबईतल्या जुन्या बाजारात आणि चाळी पाडताना रद्दीत निघालेल्या ट्रंकांतून. उलट साताऱ्यातल्या जुन्या घरांतून जे निघते ते बाहेरून आलेले असते. या जिल्ह्याने फौजेला पिढ्यान्पिढ्या माणसे दिली. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या, दुसऱ्या महायुद्धात इटलीपर्यंत गेल्या आणि तिकडून आलेले लष्करी टपाल इथल्या माळ्यांवर राहिले. त्या कार्डांवर गावाचे नाव नसते. 'एफ. पी. ओ.' म्हणजे फील्ड पोस्ट ऑफिसचा क्रमांक आणि सेन्सॉरचा शिक्का एवढेच असते. मजकुरात जवान 'मी खुशाल आहे, काळजी करू नये' यापलीकडे सहसा काही लिहीत नाही, कारण लिहू दिले जात नव्हते. तो क्रमांक त्या तारखेला कोणत्या रणभूमीवर होता हे अभ्यासकांनी तयार केलेल्या याद्यांतून शोधता येते, आणि आई-वडिलांना तेव्हा जे कळू दिले नव्हते ते आज कार्ड हातात धरणाऱ्याला कळते. असे कार्ड मी कधीही केवळ सेन्सॉरच्या शिक्क्यासाठी विकत घेत नाही. ज्या घरातून ते निघाले त्या घराचे गाव कळत असेल तरच त्याला पूर्ण अर्थ आहे, आणि विकणाऱ्याला पहिला प्रश्न मी तोच विचारतो.

चित्रांच्या कार्डांचा प्रकार याहून निराळा. आपल्या भागात चित्रकार्डे सर्वांत जास्त निघाली ती महाबळेश्वर आणि पाचगणीची, आणि याचे कारण उघड आहे. महाबळेश्वर हे मुंबई सरकारचे उन्हाळ्याचे ठिकाण होते. तिथे आलेला साहेब घरी विलायतेला वेण्णा तलावाचे, आर्थर सीटच्या कड्याचे, लॉडविक पॉइंटवरच्या स्तंभाचे कार्ड पाठवी. म्हणून महाबळेश्वरची जुनी कार्डे आज महाबळेश्वरात मिळत नाहीत, ती इंग्लंडमधल्या लिलावांत मिळतात. त्यांची संख्याही बरी असल्याने भाव आवाक्यात राहतो. वाईच्या कृष्णाघाटाची आणि ढोल्या गणपतीची कार्डे त्या मानाने कमी. सांगलीच्या बाजारपेठेचे किंवा साताऱ्याच्या एखाद्या पेठेचे चित्र असलेले कार्ड तर मला क्वचितच दिसले आहे. तिथे हौशी प्रवासी येत नव्हता आणि गावच्या माणसाला स्वतःच्या गल्लीचे चित्र पाठवण्याचे कारण नव्हते. जे रोजचे होते त्याचे चित्र कुणी छापले नाही, आणि जे छापले नाही ते आज मिळत नाही. आयर्विन पूल १९२९ साली झाला. त्याच्या आधीच्या, नावेने पैलतीरी जाणाऱ्या सांगलीचे एखादे चित्रकार्ड कधी समोर आले तर किंमत न विचारताच मी ते घेईन.

चित्रकार्ड पारखायला दहापट मोठे दाखवणारे भिंग पुरते. नेहमीच्या छपाईच्या चित्रात भिंगाखाली ठिपक्यांची ओळीने मांडलेली जाळी दिसते. कोलोटाइप, म्हणजे जिलेटिनच्या थरावरून केलेल्या छपाईत जाळी नसते, सुरकुतलेल्या सायीसारखे बारीक कण दिसतात. आणि खरोखरच्या फोटोकागदावर उतरवलेल्या कार्डात, ज्याला संग्राहक 'रिअल फोटो' म्हणतात, कसलेही ठिपके नसतात. काळ्याकडून पांढऱ्याकडे रंग सलग उतरत जातो आणि जुन्या कार्डाच्या गडद कडांवर चांदीसारखी चमक येते. ही शेवटची कार्डे मला सर्वांत प्रिय आहेत. छापखान्यातले कार्ड हजारांनी निघे, फोटोचे कार्ड मात्र गावातल्या स्टुडिओवाल्याने गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे मोजक्या प्रतींत काढलेले असे. माझ्याकडे एका पैलवानाचे असे कार्ड आहे. लांग कसलेला, दंडावर ताईत, मागे स्टुडिओचा रंगवलेला पडदा, आणि पाठीवर शिसपेन्सिलीने फक्त 'मैदान मारले' एवढेच शब्द. ना नाव, ना गाव, ना तिकीट. बाजारात त्याला किरकोळ किंमत आली, कारण ते टपालातून गेलेलेच नाही. एखाद्या तालमीतल्या म्हाताऱ्या वस्तादाने ते ओळखले तर त्याचे मोल त्या क्षणी बदलेल, म्हणून कुस्तीच्या मैदानाला जाताना त्याची नक्कल मी खिशात ठेवतो.

पाठीची बाजूही वाचावी लागते. ब्रिटनमध्ये १९०२ पर्यंत मागच्या बाजूला फक्त पत्ता लिहिण्याची परवानगी होती, त्यामुळे मजकूर चित्राच्या कडेने, आभाळाच्या मोकळ्या जागेत कोंबलेला दिसतो. पाठीवर उभी रेघ मारून डावीकडे मजकूर आणि उजवीकडे पत्ता अशी सोय त्या वर्षी तिथे झाली आणि मग हळूहळू सर्वत्र रूढ झाली. प्रकाशकाचे नाव बहुधा त्या रेघेशेजारी बारीक अक्षरांत असते. मुंबईच्या क्लिफ्टन कंपनीचे किंवा लंडनच्या राफाएल टक यांचे नाव दिसले की भाव चढतो. मूळचे कोल्हापूरचे चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी मुंबईच्या जनजीवनावर काढलेल्या चित्रांची कार्डे निघाली आणि ती आज जगभरचे संग्राहक शोधत असतात. त्यांना मिळणारा मान योग्यच आहे. मात्र धुरंधरांचे कार्ड इथून गेले काय किंवा पॅरिसमधून आले काय, त्याचे मोल तेच राहते. माझे मन ज्यांच्यापाशी रमते त्या कार्डांचे तसे नाही.

ती कार्डे तारेला ओवलेली असतात. ज्यांनी जुनी घरे आणि जुनी दुकाने पाहिली आहेत त्यांना ही तार आठवत असेल. जाड लोखंडी तार, खालच्या टोकाला लाकडाची किंवा पत्र्याची चकती, वरचे टोक आकड्यासारखे वाकवून खुंटीला अडकवलेले. आलेले पत्र वाचून झाले की ते तारेच्या टोकात खुपसायचे आणि खाली ढकलायचे. त्यामुळे सर्वांत जुने पत्र तळाशी आणि सर्वांत नवे वर, असा क्रम कुणी न लावता लागत जाई. तारेवरच्या प्रत्येक कार्डाला मधोमध भोक पडते, भोकाभोवती गंजाचे तांबूस कडे उमटते आणि मजकुरातला एखादा शब्द कायमचा जातो. बाजाराच्या हिशेबात हे भोक म्हणजे मोठी खोट. भोक असलेले कार्ड निम्म्याहून कमी भावात जाते, आणि म्हणूनच विकणारा तारेवरची कार्डे उपसून त्यांतली चांगल्या शिक्क्याची तेवढी बाजूला काढतो आणि उरलेली रद्दीत घालतो.

मला ते भोक प्रिय आहे, कारण तेच कार्डाचे घर सांगते. हे कार्ड नुसते पोचले नाही, ते वाचले गेले आणि राखले गेले, याची दुसरी साक्ष कुठे असते? आणि तार अखंड हाती आली तर एका घराचा किंवा एका पेढीचा सारा काळ क्रमवार हाती येतो.

सांगलीतल्या एका जुन्या अडत दुकानाची आवराआवर झाली तेव्हा तिथली एक तार भंगाराच्या गाडीवर मला दिसली. गाडीवाला म्हणाला, "साहेब, पत्रं घ्या तुमची, तार राहू द्या. तार मोडीत जाते." तारेचे पैसे वेगळे देऊन मी ती जशीच्या तशी घरी आणली. कार्डे हळदीच्या व्यापाऱ्यांची आणि शेतकऱ्यांची. सांगलीची हळदपेठ सर्वांना ठाऊक आहे. शेजारच्या हरिपुरात कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या जमिनीत पेवे खणून त्यांत वर्षानुवर्षे हळद साठवली जाई, हेही इथल्या माणसाला सांगायला नको. ही पेवे २००५ च्या महापुरात बहुतेक बुडाली आणि तो व्यवहार जवळजवळ संपला. तारेवरच्या कार्डांत मात्र तो चालूच आहे. 'राजापुरीचा आजचा भाव उलट टपाली कळवावा.' (राजापुरी ही हळदीची जात.) 'आमचा माल पेवात आहे तो एवढ्यात काढू नये, तेजीची आशा आहे.' 'पेव उघडतेवेळी आम्हांस बोलवावे.' काही कार्डे कानडीत आहेत, काही गुजरातीत, काही मोडीत. एकेक कार्ड सुटे पाहिले तर तो कोरडा व्यवहार वाटतो. कर्नाटकातल्या अथणीकडच्या एका व्यापाऱ्याची कार्डे क्रमाने वाचत गेलो तेव्हा वेगळेच उलगडले. एका कार्डात भावाची चौकशी झाल्यावर खाली 'ता. क.' म्हणून लिहिले आहे, की चिरंजीवास मिरजेस दाखवावयाचे आहे, ओळखीचे कुणी असल्यास लिहावे. त्याच्या वरच्या एका कार्डात हळदीचा एक शब्द नाही, फक्त गाडीची वेळ आणि 'स्टेशनावर माणूस पाठवावा' एवढेच. त्यानंतर मधे इतरांची बरीच कार्डे आहेत. मग पुन्हा त्याचे अक्षर दिसते : 'मिरजेहून सुखरूप आलो. उतार आहे. आपले उपकार विसरणार नाही. हळद विकून टाकावी.' तेजीची वाट पाहणाऱ्या माणसाने हळद का विकायला सांगितली ते त्या कार्डात लिहिलेले नाही. ते खालच्या दोन कार्डांमुळे कळते. यांतले एखादेच कार्ड पाकिटात घालून विकायला ठेवले असते, तर त्यावर फक्त 'व्यापारी पत्र, भोक पडलेले' अशी चिठ्ठी लागली असती.

मुंबईच्या चाळीतून आलेल्या एका जुडग्याने मला असेच शिकवले. पाटण तालुक्यातल्या एका गावाहून आलेली ती कार्डे आई, बायको आणि भाऊ अशा तिघांची आहेत, आणि तिन्हींचे हस्ताक्षर एकच आहे. घरात कुणालाच लिहिता येत नसल्याने गावातल्या कुणीतरी, मास्तरांनी किंवा टपाल वाटणाऱ्याने, ती लिहून दिली. आईच्या पत्रात 'चिरंजीवास अनेक आशीर्वाद' आणि बायकोच्या पत्रात 'शिरसाष्टांग नमस्कार', पण 'पाऊसपाणी बरे आहे' हे वाक्य तिन्हींत त्याच वळणाचे. बायकोला जे सांगायचे होते ते तिने परक्या माणसाला कितपत सांगितले असेल? शिवाय कार्ड उघडे. पोस्टमनपासून चाळीतल्या वाचून दाखवणाऱ्यापर्यंत सर्वांच्या डोळ्यांखालून ते जाणार. म्हणून एका कार्डाच्या शेवटी तिच्या नावाने जी एक ओळ आली आहे, 'दिवाळीला रजा मिळेल तर बघावे', तिच्यापाशी मी दर वेळी थांबतो.

कोणती कार्डे मिळतच नाहीत याचाही विचार संग्राहकाने करावा. आपल्याकडे मृत्यूची बातमी कळवणाऱ्या पत्रावर वर 'श्री' घालत नसत आणि ते वाचून लगेच फाडून टाकण्याची रीत होती. अशुभ पत्र घरात ठेवायचे नाही. ते तारेवर कधीच चढले नाही. त्यामुळे तारेवरच्या कार्डांत जन्म आहेत, बारशी आहेत, हळदकुंकवाची बोटे लावलेली लग्नाची आमंत्रणे आहेत, 'आजार बळावला आहे, तातडीने निघावे' अशी पत्रे आहेत, आणि त्यापुढे मौन आहे. दुखवट्याचे कार्ड फार क्वचित दिसते. मला मिळालेले एक कार्ड दोन तुकडे करून पुन्हा एकत्र ठेवलेले होते. कुणाला ते फाडायचे होते आणि टाकवत नव्हते, असे ते तुकडे सांगतात. मी ते चिकटवलेले नाही.

जतनाचा विषय इथे नाइलाजाने येतो, कारण आमचे गाव पुराचे आहे. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांच्या पुरांनी गावभागातल्या आणि पेठांतल्या तळमजल्यांवरचे किती कागद नेले त्याची मोजदाद नाही. पाण्यात भिजलेली कार्डे पाहिल्यावर शाईचे गुण कळतात. काजळीच्या काळ्या शाईने बोरूने लिहिलेली मोडी अक्षरे पाण्यातून जवळजवळ तशीच बाहेर येतात, फाउंटन पेनची निळी शाई पसरून धूसर होते आणि कॉपिंग पेन्सिलीचे, म्हणजे ओलाव्याने शाईसारख्या होणाऱ्या पेन्सिलीचे, अक्षर जांभळे होऊन फुटते. छापील तिकीट सहसा टिकते. भिजलेली कार्डे एकमेकांना चिकटली असतील तर ती ओढू नयेत, उन्हात घालू नयेत आणि पुसू नयेत. टीपकागदाच्या मधे ठेवून सावलीत, वाऱ्यावर सुकू द्यावीत. ढीग मोठा असेल आणि लगेच हात घालणे शक्य नसेल तर ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवावीत. त्यामुळे बुरशी थांबते आणि काम सवडीने करता येते. एरवी पीव्हीसीची पाकिटे टाळावीत, कारण कालांतराने ती कार्डाला चिकटतात आणि शाई ओढून घेतात. पॉलिएस्टरची पाकिटे चांगली. चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर कधीच करू नये. लग्नाच्या कार्डावरची हळद उजेडाने उडते, म्हणून ती कार्डे चौकटीत लावून भिंतीवर टांगू नयेत. आणि हे सगळे माडीवर ठेवावे.

नकली कार्डांचा धोका चित्रकार्डांत जास्त. जुन्या कार्डाची नक्कल चांगल्या कागदावर छापून चहाच्या पाण्याने पिवळी केलेली मी पाहिली आहे. ठिपक्यांच्या छपाईच्या फोटोला 'रिअल फोटो' म्हणून विकण्याचा प्रकार भिंगाने उघडा पडतो. साधारण १९५० नंतरच्या पुष्कळ कागदांत शुभ्रपणासाठी घातलेली द्रव्ये असतात आणि अतिनील दिव्याखाली तो कागद निळसर पांढरा झळकतो. १९१० चे म्हणून दिलेले कार्ड असे झळकले तर व्यवहार तिथेच थांबवावा. तारेवरच्या कार्डांची नक्कल अजून कुणी केलेली माझ्या पाहण्यात नाही. त्यांना भाव नाही, हे त्यांचे संरक्षण आहे आणि तेच त्यांच्यावरचे संकटही, कारण भाव नाही म्हणून ती रोज रद्दीत जात आहेत.

सांगली-साताऱ्याकडे कुणाच्या माळ्यावर, दुकानाच्या पोटमाळ्यावर अशी तार असेल तर माझी एवढीच विनंती आहे, की कार्डे तारेवरून काढण्यापूर्वी तारेचा चारी बाजूंनी फोटो घ्यावा. मग वरून एकेक कार्ड उतरवताना क्रमांक द्यावा, पण कार्डावर नव्हे, वेगळ्या कागदावर. गंजामुळे कार्ड अडकले तर ओढण्याऐवजी चकतीच्या बाजूने तार कापावी. प्रत्येक कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढावा, पत्त्याची बाजू बिनमहत्त्वाची समजून सोडू नये. मोडीतली कार्डे वाचता येत नाहीत म्हणून वेगळी काढू नयेत. मोडी वाचणारी माणसे अजून आहेत, आणि त्यांना सुट्या कार्डापेक्षा आगेमागे काय होते ते माहीत असलेले कार्ड लवकर उलगडते. विकायचेच असेल तर सगळे एकत्र विकावे आणि घराचे किंवा पेढीचे गाव लिहून सोबत द्यावे. घेणारा तार नको म्हणाला तर दुसरा घेणारा शोधावा.